सोळावा आकडा

१

हरवलेला मुलगा परत आला, आणि त्याच्या सख्ख्या काकानं पोलीस ठाण्यात येऊन तक्रार दिली, की हा आमचा मुलगा नाही.

पीएसआय संध्या बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर रुजू झाली होती. लेकीला सासूच्या मांडीवर ठेवून ती बीदरच्या या ठाण्यात यायची. दुपार झाली की छाती दुधानं दगडासारखी व्हायची, आणि समोरच्याला कळू नये म्हणून ती एखादी फाइल पोटाशी धरून बसायची. आत्ताही तशीच बसली होती. समोर नागनाथ होता, बीदरजवळच्या कोळारमधल्या एका गोदामातला मुकादम.

हरवलेला मुलगा म्हणजे त्याचा पुतण्या बुद्धरत्न. नागनाथचे थोरले भाऊ राजपाल सर कॉलेजात गणित शिकवायचे. संध्या त्यांचीच विद्यार्थिनी. सात वर्षांपूर्वी, नववी पास झालेला बुद्धरत्न कोळारजवळच्या एका खाजगी हॉस्टेलात उन्हाळी वर्गासाठी राहिला होता. एका सकाळी तो हॉस्टेलात नव्हता. सरांनी त्याला हैदराबादपासून उदगीरपर्यंत शोधला, आणि शोधता शोधताच ते गेले. मागं राहिल्या शोभाबाई, त्याची आई.

गेल्या पौर्णिमेला एक तरणा मुलगा त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. डाव्या मनगटाभोवती हिरव्या गोंदणाचे आकडे होते, कड्यासारखे. ते पाहिल्यावर गल्लीतल्या कुणाला दुसरा पुरावा मागावासा वाटला नाही.

कारण त्या आकड्यांची गोष्ट सगळ्या गल्लीला पाठ होती. शोभाबाईंचं माहेर मादन हिप्परग्याचं. तिकडं लेकराला गर्दीत न्यायच्या आधी दंडावर नाव गोंदून घेत, म्हणजे हरवलं तर कुणीतरी आणून सोडेल. आजीनं हट्ट धरला. सर म्हणाले, नाव लिहिलं की जात कळते. पोर सापडल्यावर लोक आधी जात वाचतील आणि मग पाणी द्यायचं का ते ठरवतील. आकड्याला जात नसते. म्हणून त्यांनी देवाचं नाव नको, बापाचं नको, एक मोठी संख्या गोंदून घेतली. सोळा आकड्यांची.

"आकडे बरोबर हाईत म्याडम," नागनाथ म्हणाला. "पर त्यो आमचा न्हाई."

संध्यानं विचारलं, कशावरून.

"दादा त्याला घरात पंधऱ्या म्हणायचा. बाहेर न्हाई, घरातच. परवा मी मागून हाक मारली, पंधऱ्या म्हणून. वळून सुदीक बगितलं न्हाई त्यानं."

हाकेवरून माणूस खोटा ठरत नाही, संध्या म्हणाली. मग तिनं सहज विचारलं, पंधरा तारखेचा जन्म का?

नागनाथ हसला. "चौदा ऑक्टोबर. धम्मचक्राचा दिवस, सगळ्या वाड्यात जिलेबी वाटलेली. चौदाच्या पोराला पंधऱ्या कामून म्हणायचा, आमाला कदी कळलं न्हाई. गणिताचं डोकं."

उठताना तो आणखी एक बोलला. वहिनीनं सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. त्या जुन्या हॉस्टेलमागचा, पोर हरवल्यावर लगेच बुजवलेला हौद खणून बघा म्हणून. आता कुठं हुकूम मिळाला होता. आणि हा आला, तशी तिनं लिहून दिलं, राहू द्या, खणू नका.

संध्यानं त्याला वाटेला लावलं. मुलगा नसता तर भावाचं शेत कुणाकडं गेलं असतं, हे तिला विचारावं लागलं नाही. त्याच्याकडंच.

२

शोभाबाई अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. घरात शिरताच संध्याला ओल्या भिंतीचा आणि तुरीच्या डाळीचा वास आला. मुलगा न्हाणीजवळ कपडे पिळत होता. संध्याला बघताच पंचाला हात पुसून आला, वाकून नमस्कार केला.

त्याचं सांगणं साधं होतं. हॉस्टेलात मार बसायचा म्हणून पळालो. हैदराबादला हॉटेलात भांडी घासली. मोटारीनं उडवलं, डोक्याला लागलं, मागचं सगळं गेलं. बाबांचे जुने विद्यार्थी शिवशंकर सर तिथं जेवायला आले, त्यांनी मनगट ओळखलं आणि घरी आणलं.

संध्यानं त्याचं मनगट हातात घेतलं. वरच्या बाजूला ९ ४ १ १ ७ ६ ४ ७. हात उताणा केला. आतल्या मऊ कातडीवर ० ५ ८ ८ २ ३ ५ २. एकही आकडा चुकलेला नव्हता. सरांनी फळ्यावर काढलेलं कडं तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"काकू," ती म्हणाली, "तक्रार आली आहे. एकदा दोघांचं रक्त तपासलं की तोंडं बंद होतील."

शोभाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. सर गेल्यावरही न उतरवलेल्या काचेच्या बांगड्या मनगटावर वर-खाली होत होत्या आणि त्यांच्या आत हिरव्या गोंदणाचं एक बारीक वर्तुळ दिसत-लपत होतं. या भागातल्या बायकांच्या हातावर ठिपके, वर्तुळं, तुळस असतेच. संध्यानं बघून न बघितल्यासारखं केलं.

"तू आई झालीस म्हणं," शोभाबाई म्हणाल्या.

"व्हय काकू. मुलगी."

"मग रक्त कशाला मागायलीस? तुझ्या लेकीला ओळखायला तुला दवाखाना लागंल का?"

तेवढ्यात मुलगा आतून म्हणाला, "आई, मीठ कुठंय?" आणि शोभाबाईंनी मान वर केली. त्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते बघून संध्या उठली. त्या घरातून बाहेर पडताना, चोरी करून निघाल्यासारखं वाटलं तिला. अजून तर तिनं काही नेलंही नव्हतं.

३

ती संख्या राजपाल सर दरवर्षी शिकवायचे. एकाला सतरानं भागा, म्हणायचे. भागाकार सोळा आकडे चालायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा: ०५८८२३५२९४११७६४७. सर ते आकडे ओळीत लिहीत नसत. गोल लिहीत.

"याला सुरुवात नाही," म्हणायचे. "दुप्पट करा." पोरं करायची. ११७६४७०५८८२३५२९४. तेच आकडे, त्याच क्रमानं, फक्त सुरुवात दुसऱ्या जागेवरून. तिप्पट करा, पाचपट करा, सोळापर्यंत कशानंही गुणा, तेच कडं फिरायचं. सतरानं गुणलं की सोळाच्या सोळा नऊ.

"आणि पुढचं शून्य?" एका पोरानं विचारलं होतं. त्याला किंमत नाही, मग कशाला लिहायचं?

सरांनी फळ्यावरच्या शून्यावर बोट ठेवलं होतं. मग म्हणाले, पुढं आहे तोवर किंमत नाही वाटत. दुप्पट केली की तेच मध्ये येऊन बसतं. ते काढलं तर कडं मोडतं.

त्याच तासाला शिवशंकरनं हात वर केला होता. तो संध्याला दोन वर्षं वरचा, पण सरांच्या तासाला मुद्दाम येऊन बसायचा. म्हणाला, सर, समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज प्रत्येक वेळी नऊच येते. शून्यासमोर नऊ, पाचासमोर चार, आठासमोर एक. सरांनी त्याला फळ्याजवळ बोलावून पाठीवर हात ठेवला. असा विद्यार्थी एकदाच मिळतो, म्हणाले. माझ्या मुलाच्या मनगटावर हीच संख्या आहे.

संध्यानं हरवल्याची जुनी भित्तिपत्रिका काढली. तिच्यावरच्या फोटोत, शाळेत बक्षीस घेताना बुद्धरत्ननं हात पुढं केलेला, पालथा. वरचे आठ आकडे स्वच्छ दिसत होते. ही पत्रिका सात वर्षं बसस्टँडच्या खांबाखांबावर होती. आठ आकडे कुणालाही उतरवता आले असते. आणि ज्याला नऊची बेरीज माहीत, त्याला उरलेले आठही घरबसल्या मिळाले असते. म्हणजे कडं बरोबर असण्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मुलाला ठाण्यात बोलावलं, चहा दिला, आणि म्हणाली, संख्या म्हण.

त्यानं शून्यापासून धडधड म्हटली.

"आता सातापासून म्हण."

तो थांबला. ओठ हलवत मनातल्या मनात शून्यापासून निघाला, सातापर्यंत आला, तिथून मोठ्यानं बोलू लागला आणि शेवटाला पोचल्यावर गप्प झाला. पुढं काय ते त्याला माहीत नव्हतं. ज्या पोराला बापानं कडं म्हणून शिकवलं, त्याला ही संख्या कुठंच संपायला नको होती.

"डोक्याला लागलंय म्याडम," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

संध्याला त्याची दया आली. पण हा मुलगा खोटा असेल तर तो एकट्यानं खोटा झालेला नाही, एवढं तिला त्या घामात दिसलं.

४

शिवशंकरचे क्लास आता बीदर शहरात दोन मजल्यांवर चालत. ते कोळारचं हॉस्टेल त्यानंच काढलं होतं. बुद्धरत्न गेला त्या वर्षी बंद केलं. संध्या पोचली तेव्हा तो शिकवत होता. तिला बघून हसला, शेवटच्या बाकाकडं बोट दाखवलं आणि तास पुढं चालू ठेवला.

एका मुलीचं उत्तर चुकलं. तो काही रागावला नाही. टेबलावरची स्टीलची पट्टी घेतली आणि म्हणाला, "हात पालथा."

मुलीनं हात पालथा धरला. पट्टी उभी, धारेनं, बोटांच्या हाडांवर पडली. वर्गातली बाकीची पोरं वहीत बघत राहिली. मुलगी रडली नाही; तिला सवय असावी.

तास संपल्यावर संध्यानं विचारलं, शिवअण्णा, हे अजून करता?

"तळहातावर मारलं की सुजतो, पेन धरता येत न्हाई. पालक तक्रार करतेत." तो पट्टी रुमालानं पुसत म्हणाला. "पालथ्या हाताचं कुणी बगत न्हाई. पहिल्यापासून माझी तीच पद्धत."

त्यानं चहा मागवला. सरांची आठवण काढली तेव्हा डोळे पाणावले. हैदराबादला त्या पोराचं मनगट बघितलं आणि हातातला घास तसाच राहिला, म्हणाला. सरांचं ऋण होतं, ते फिटलं.

संध्या म्हणाली, नागनाथअण्णांना शंका आहे. मनगटाच्या खालची बाजू फोटोत कुठंच नाही. ती कुणीतरी हिशेबानं भरली असेल तर?

शिवशंकर जरा पुढं झुकला. "शंका कशाला? हॉस्टेलात तो माझ्याकडं होता. सरांची संख्या बगायची म्हणून त्याचा हात हातात घेऊन सोळाच्या सोळा आकडे मी बोट ठेवून मोजलेत. समोरासमोर नऊ. आता परत मोजले. तेच कडं. लिहून घे, मी सही करतो."

तिनं लिहून घेतलं. त्यानं ठसठशीत सही केली.

जाताना तो जिन्यापर्यंत सोडायला आला. "त्या माऊलीनं लय सोसलं संध्या. आता कुणी तिचं पोरगं हिसकावून घेऊ नये. तुला तर लेकरू हाय, तुला कळंल."

ती जिना उतरली. सगळी साक्ष जुळत होती. काकाला शेत हवं होतं, आईला मुलगा ओळखू येत होता, गुरूनं मोजून सांगितलं होतं. तक्रार निकाली काढायला काहीच हरकत नव्हती. तरी ती दोन शब्दांपाशी अडकली. पंधऱ्या, का?

५

उत्तर तिला आरोग्य केंद्रात मिळालं, लेकीला लस टोचताना.

सिद्धव्वा नर्सनं मांडीला कापूस लावला, सुई टेकवली. लेक किंचाळली. संध्यानं कितीतरी मारामाऱ्या, मुडदे पाहिले होते. पण त्या एका किंकाळीनं तिचे हात तिचे राहिले नाहीत. तिनं पोरीला झटक्यात मागं ओढलं. सुई निसटली, लशीचे थेंब मांडीवरून ओघळले.

"अर्धी भाईर गेली बग अक्का," सिद्धव्वा वैतागून म्हणाली. "पोलीस झालीस तरी तसंच. सगळ्या आया ऐन वक्ताला हात ओढतेत."

संध्या लेकीला छातीशी धरून बाकावर बसली. लेक हुंदके देत दूध पिऊ लागली आणि ती भिंतीकडं बघत राहिली.

सगळ्या आया ऐन वेळी हात ओढतात.

तिच्यापुढं मादन हिप्परग्याचा बाजार उभा राहिला. मांडीवर लहानगा बुद्धरत्न. मनगटाच्या वरची कातडी राठ, तिथं त्यानं सोसलं असेल. मग गोंदणारीनं हात उताणा केला असेल, आतल्या मऊ कातडीवर, जिथं शिरा दिसतात. पोर किंचाळलं असेल. आणि मांडीवर धरणाऱ्या आईनं...

चौदा तारखेला जन्मलेलं पोर. पंधऱ्या.

कडं पुरं झालंच नव्हतं. खऱ्या बुद्धरत्नच्या हातावर आकडे होते पंधरा.

ती उठली तेव्हा बाकीचं आपोआप ओळीत येत गेलं. बोट ठेवून सोळा आकडे मोजल्याची सही शिवशंकरनं केली होती. जे नव्हतं ते मोजता येत नाही. त्या पोराचा हात त्यानं कधी उताणा केलाच नव्हता. रोज बघितला होता तो पालथा, पट्टीखाली. वरचे आठ त्याला पाठ होते आणि खालचे आठ त्यानं गणितानं भरले. सरांची संख्या अपुरी असेल, ही शंका सगळ्यांत हुशार विद्यार्थ्यालाच येणं शक्य नव्हतं.

पण खोटा मुलगा उभा करून त्याला काय मिळालं? शेत मिळणार नव्हतं, घर मिळणार नव्हतं. त्याच्या येण्यानं फक्त एक गोष्ट घडली होती. हौद खणायचा थांबला होता.

६

शोभाबाई उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होत्या. मुलगा मागच्या अंगणात काहीतरी ठोकत होता. मोडकी खाट दुरुस्त करतो म्हणाला होता.

संध्या त्यांच्याशेजारी बसली. "काकू, हात दाखवा. डावा."

शोभाबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग शेंगांची टोपली बाजूला सारली, बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि हात उताणा करून तिच्या मांडीवर ठेवला. मनगटाच्या आत एक बारीक हिरवं वर्तुळ.

"हे शून्य आहे," संध्या म्हणाली.

"व्हय."

बराच वेळ मागून ठोकल्याचा आवाज येत राहिला.

"पुढचं शून्य शेवटाला ठेवलं होतं, तेवढंच राहिलं होतं," शोभाबाई म्हणाल्या. "लय किंचाळला गं. मी हात ओढला. लिंगम्मा गोंदणारी होती, ती म्हणली, सुईला रंग लावला की माघारी न्यायाचा न्हाई, कुणाच्यातरी अंगावर उतरला पायजे. मग मी माझा हात दिला."

सर वाटभर पुढं पुढं चालत राहिले, म्हणाल्या. घरी येऊन जेवायलाही बसले नाहीत. सकाळी मात्र पोराला खांद्यावर घेऊन स्वतःशीच हसत होते. "म्हणले, पंधरा याच्याकडं, एक तुझ्याकडं. तुमी दोघं मिळून एक संख्या. तवापासून पंधऱ्या. बाहेर सांगू नको म्हणले, लोक हसतील, गणिताच्या मास्तरानं पोराच्या अंगावर चूक लिवून घेतली म्हणून."

"मग हा दारात आला तेव्हा..."

"हात पुढं केला त्यानं. माझं शून्य त्याच्या हातावर होतं." त्या थांबल्या. "त्याच मिनिटाला कळलं."

संध्याला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. तो तिचं काम होता म्हणून विचारला. कळलं होतं, तर खणू नका म्हणून सही का केली?

शोभाबाईंनी एक शेंग उचलली, फोडली, दाणे टोपलीत टाकले.

"खणलं तर सापडंल म्हणून."

त्यांचा आवाज अगदी साधा होता, बाजारभाव सांगितल्यासारखा. "न्हाई खणलं तर कुठंतरी असंल. आणि हे लेकरू मला आई म्हणायलंय. पोस्टर बगून आलं असंल, उपाशी असंल, खोटं बोललं असंल. बोलू दे. मी बी खोटंच बोलायलाव. कुणाचं काय बिघडलं?"

संध्यानं मग सांगितलं. हे पोरगं पोस्टर बघून आलेलं नाही, याला पाठवलंय. ज्यानं पाठवलं त्याला हौद खणायला नको आहे. त्यानं सोळा आकडे मोजल्याची सही केली आहे. नाव घ्यायची गरज पडली नाही.

शोभाबाई टोपलीत बघत राहिल्या. "पेढे घेऊन आला होता," म्हणाल्या. "मी पाया पडले त्याच्या. सगळ्या गल्लीसमोर."

"काकू, पंधरा होते हे सांगणारं तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही बोललात तरच कोर्ट पुन्हा हुकूम देईल. नाही बोललात तर मी तक्रार बंद करते. हा मुलगा तुमच्याकडं राहील."

हे बोलताना आपण किती क्रूर आहोत ते संध्याला समजत होतं. एका हातात जिवंत, एका हातात मेलेला. आणि उचल म्हणून आईलाच सांगायचं.

शोभाबाई उठल्या. आत गेल्या, ताट वाढलं, मागच्या दारात उभ्या राहिल्या.

"इकडं ये रं."

मुलगा घामेजलेला आला. खाट ठीक झाली म्हणाला.

"तुझं खरं नाव काय?"

तो संध्याकडं बघू लागला, मग ताटाकडं. हातातला हातोडा त्यानं हळूच खाली ठेवला.

"सोमशेखर."

"जेवून घे सोमशेखर," शोभाबाई म्हणाल्या. "मग आपण ठाण्यात जाऊ."

तो जेवायला बसला. पहिला घास हातात घेऊन रडू लागला. त्यांनी त्याला मीठ वाढलं, पाणी दिलं, पण जवळ घेतलं नाही.

७

सोमशेखरनं सगळं सांगितलं. तो शिवशंकरच्या मेसमध्ये भांडी घासायचा. आईबाप नव्हते. हैदराबादला नेऊन मनगट गोंदून आणलं, संख्या पाठ करून घेतली. चुकलं की हात पालथा. शिवशंकर सर म्हणाले, त्या बाईला मुलगा पायजे, तुला आई पायजे, यात पाप काय? त्याला ते पटलं होतं. हौदाचं त्याला काहीच माहीत नव्हतं.

शिवशंकर ठाण्यातही शांत होता. एका म्हातारीच्या आठवणीवर काय ठरतं, म्हणाला. एखादा आकडा मोजण्यात चुकलो असेन.

"तुम्ही चुकत नाही अण्णा," संध्या म्हणाली. "तुम्ही मोजलंच नाही."

तिनं कागदावर मनगट काढलं. वर आठ आकडे, खाली सात आणि एक रिकामी जागा. वरच्या नवासमोर काहीच नव्हतं.

"सर तुम्हाला मुलापेक्षा हुशार समजायचे. पण हात उताणा करायची तसदी एकदा जरी घेतली असती, तरी हे तुम्हाला दिसलं असतं. मऊ बाजू तुम्ही बघितलीच नाही."

त्या रिकाम्या जागेकडं तो बराच वेळ बघत होता. गणित चुकलेलं बघताना व्हायचा तसाच चेहरा झाला होता त्याचा. पश्चात्तापाचा नव्हे, लाजेचा.

मग तो बोलला. त्या पोरानं वर्गासमोर, फळ्यावर त्याची चूक काढली होती. म्हणून त्याला हॉस्टेलमागच्या कोरड्या हौदात उतरवलं, वर लोखंडी झाकण ओढलं. तासाभरासाठी. तेवढ्यात प्रवेशासाठी पालक आले, मग आणखी पालक आले, मग शिवशंकर गाडीत बसून घरी गेला.

"विसरलो," तो म्हणाला.

मे महिना होता. संध्यानं खिडकीबाहेर बघितलं.

हौद खणला त्या दिवशी नागनाथ गोदामातलं काम टाकून आला होता. वहिनीच्या मागं छत्री धरून उभा होता, आणि ती सावलीबाहेर सरकली की छत्रीही सरकवत होता. थोड्या अंतरावर, पोलिसाशेजारी, सोमशेखर होता. त्यानं येऊ द्या म्हणून हात जोडले होते.

मुरूम निघाला, विटा निघाल्या, आणि मग मजूर खोरी बाजूला ठेवून हातांनी माती काढू लागले. शोभाबाईंना कुणी पुढं जाऊ दिलं नाही. हाडांवर गोंदण राहत नाही. ओळखायला कुठलाच आकडा उरला नव्हता.

डॉक्टर सुई घेऊन आले. आईचं रक्त जुळवावं लागेल, म्हणाले, आणि संध्याकडं बघितलं, कारण या बाईनं एकदा नाही म्हटल्याचं त्यांना माहीत होतं.

शोभाबाईंनी आपणच बांगड्या वर सरकवल्या. हात उताणा करून पुढं धरला. हिरव्या शून्याच्या जरा वर सुई टोचली.

त्यांनी हात ओढला नाही.